निकॉन एफ३ : अजून कोणी वापरतंय का? आणि आज घ्यावा का?

रीळबहाद्दर

फिल्म कॅमेरा घ्यायचाय, कुठला घेऊ असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, निकॉन एफएम२ नाहीतर पेन्टॅक्स के१०००. दोन्ही चांगले, भांडण नाही. पण एफ३ चं नाव काढलं की लगेच नको रे बाबा, इलेक्ट्रॉनिक आहे, बंद पडला की वीट. माझ्याकडे हा कॅमेरा बरीच वर्षं आहे आणि तो कपाटात शोभेला ठेवलेला नाही, वापरात आहे, म्हणून म्हटलं एकदा बसून लिहूनच काढू. लांबलंय, चहा घेऊन बसा.

निकॉनची एफ मालिका म्हणजे पोटासाठी फोटो काढणाऱ्यांचे कॅमेरे. पहिला एफ १९५९ चा, एफ२ १९७१ चा, दोन्हीची शटरं (फिल्मवर प्रकाश पडू देणारे पडदे) पूर्ण यांत्रिक. आणि १९८० ला आला एफ३, ज्याचं शटर सेलवर चालतं. त्या वेळच्या प्रेस फोटोग्राफरच्या जागी स्वतःला ठेवून बघा, दंगल कव्हर करायला गेलाय आणि सेल संपला तर काय करायचं? लोकांनी खूप नाकं मुरडली. निकॉनने त्यावर एक तोडगा दिला, पुढच्या बाजूला लेन्सशेजारी एक छोटीशी लिव्हर आहे, सेल मेला तरी ती दाबली की साधारण १/६० सेकंदाला शटर उडतं. एकच स्पीड, पण अगदीच हात हलवत परत यायची वेळ येत नाही. आणि गंमत म्हणजे ज्या कॅमेऱ्यावर एवढा अविश्वास होता तो पुढे वीस वर्षं बनत राहिला. एफ४ आला १९८८ ला, एफ५ आला १९९६ ला, तरी एफ३ चालूच. ज्याची जागा घ्यायला दोन दोन वारसदार आले त्याला कोणी हलवू शकलं नाही असं दुसरं उदाहरण मला तरी कॅमेऱ्यांत आठवत नाही.

दिसायलाही देखणा आहे. डिझाइन जॉर्जेत्तो जुजारोचं, इटलीतला गाड्या डिझाइन करणारा. पहिली फोक्सवॅगन गोल्फ त्याची, आणि आपल्याकडे एकेकाळी रस्त्यावर दिसायची ती देवू मॅटिझ त्याच्याच कंपनीची. ग्रिपजवळची ती उभी लाल रेघ त्यानेच आणली, आजच्या निकॉनवरही लाल रंग कुठेतरी दिसतो त्याचा उगम तो.

आता मुद्द्याचं. लाइट मीटर, म्हणजे प्रकाश मोजणारा भाग, कुठे बसवलाय हे बघा. एफ आणि एफ२ मध्ये मीटर वरच्या प्रिझमच्या (डोळा लावून बघायच्या भागाच्या) डोक्यात असायचा, म्हणजे डोकं बदललं की मीटर गेला. एफ३ मध्ये तो बॉडीत खाली बसवला. लेन्समागच्या आरशाच्या मधल्या भागात हजारो बारीक छिद्रं आहेत, डोळ्याला दिसणारही नाहीत इतकी बारीक, त्यातून थोडा प्रकाश मागे जातो, तिथे दुसरा छोटा आरसा आहे, तो प्रकाश खाली तळाशी असलेल्या सेन्सरवर टाकतो. त्यामुळे वर कुठलाही व्ह्यूफाइंडर लावा, मीटर चालूच. आणि तोच सेन्सर फ्लॅश मारल्यावर फिल्मवरून परत येणारा प्रकाश वाचून फ्लॅश वेळेवर बंद करतो. एका सेन्सरमध्ये दोन कामं, १९८० मध्ये.

मीटरचं वजन ८०-२०. म्हणजे मधल्या १२ मिमीच्या वर्तुळाला ८० टक्के भाव, बाकीच्या चित्राला २०. आधीच्यांत हे ६०-४० होतं. सुरुवातीला लोकांना हे फार टोकाचं वाटायचं पण एकदा सवय लागली की दुसरं काही नको वाटतं, कारण मीटर काय बघतोय ते तुम्हाला नक्की माहीत असतं. दिवे घाटात पालखी चढत असते, वर पांढरं आभाळ, खाली वारकऱ्यांचे उन्हाने रापलेले चेहरे, टोप्या पांढऱ्याशुभ्र. साधा मीटर आभाळ बघून चेहरे काळे करणार. एफ३ ला वर्तुळ चेहऱ्यावर ठेवायचं, पुढचं मेमरी लॉकचं बटण दाबून धरायचं, फ्रेम परत हवी तशी करायची आणि शटर मारायचं. कॅमेरा डोळ्यावरून खाली घ्यावा लागत नाही. अॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडायचं ते) तुम्ही लावायचं, स्पीड तो ठरवतो, बाकी फोकस-बिकस सगळं तुमच्यावर.

आणि ती फिल्म ओढायची लिव्हर! हे लिहून कळणार नाही पण प्रयत्न करतो. आत बॉल बेअरिंग आहेत. अंगठ्याने ओढलीत की कुठेही खरखर नाही, दात लागल्यासारखं नाही, तेल घातलेल्या झोपाळ्याच्या कडीसारखी एका दमात फिरते, आणि हवं तर दोन तीन छोट्या झटक्यांत ओढा, तरी चालतं. दुकानात जाऊन नुसती एकदा ओढून बघा, घ्यायचा नसला तरी.

दोषही सांगतो नाहीतर म्हणाल प्रेमात आंधळा झालाय. व्ह्यूफाइंडरमध्ये वर एक छोटी एलसीडी आहे त्यात स्पीड दिसतो, अंधारात ती दिसायला दिवा आहे पण त्याचं लाल बटण ज्याने कोणी बसवलं त्याने ते कधी अंधारात वापरून बघितलं नसावं, नखानेच दाबावं लागतं. मॅन्युअलला मीटर फक्त एम शेजारी अधिक किंवा उणे दाखवतो, दोन्ही आले की बरोबर, पण किती स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) चुकताय ते सांगत नाही. फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात जास्त स्पीड, १/८०, त्या काळातही कमीच. आणि फ्लॅशची जागा म्हणजे तर कहर, रोल गुंडाळायच्या नॉबच्या वरच बसतो, तोही निकॉनचा खास वेगळा पाया असलेला फ्लॅश. रोल संपला की फ्लॅश काढा, रोल गुंडाळा, नवा घाला, फ्लॅश लावा. लग्नात हे करून दाखवा.

बाकी प्रतिसादांत बोलू.

तिरकस

लेख माहितीपूर्ण आहे पण मूळ प्रश्नाला बगल दिलीय असं वाटतं. आज रोल, धुलाई, स्कॅन मिळून छत्तीस फोटोंना हजाराच्या वर सहज जातात. तेवढ्यात घरातले सगळे मिसळ खाऊन वर ताक पिऊन येतील. मोबाइलवर फिल्मचा फिल्टर टाकला की दहातल्या नऊ जणांना फरक कळणार नाही, आणि जो दहावा आहे तो तुमच्यासारखा, त्याला फोटोपेक्षा कॅमेराच जास्त बघायचा असतो. हा नॉस्टॅल्जिया आहे, त्याला नॉस्टॅल्जियाच म्हणा ना, लाजायचं काय त्यात? हलकं घ्या.

स्टुडिओवाल्याची_लेक

आमचा मिरजेत स्टुडिओ होता, बाबांचा. एफ३ आमच्या घरात कधीच आला नाही, परवडणारच नाही असा विषय होता तो. तेव्हा बाहेरचा कॅमेरा म्हणजे ड्युटी एवढी की कोणीतरी आखातातून नाहीतर सिंगापूरहून येताना आणेल याची वाट बघायची. बाबांचं बरंचसं काम याशिका मॅट १२४जी वर. वरून खाली बघायचा कॅमेरा, एका रोलवर बारा चौकोनी फोटो. त्या काळातले लग्नाचे अल्बम काढून बघा, सगळे फोटो पोटाच्या उंचीवरून काढलेले दिसतील, नवरा नवरी जरा भारदस्त वाटतात त्याचं कारण तेच. आणि त्याचं शटर लेन्समध्येच असल्यामुळे कुठल्याही स्पीडला फ्लॅश चालायचा, हा फायदा फार मोठा होता.

नंतर एफएम२ घेतला. रीळबहाद्दर, तुम्ही फ्लॅशबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के पटलं. अंतरपाट बाजूला होतो तो क्षण एकच असतो, अक्षता उडत असतात, मामा मध्ये येतो, भटजींचा हात मध्ये येतो आणि फ्लॅश अजून चार्ज होतोय म्हणून शीळ घालत असतो. तिथे फ्लॅश काढून रोल बदलायची भानगड असती तर बाबांनी कॅमेरा विहिरीत टाकला असता. ते मंगलाष्टकं चालू असतानाच, "शुभ मंगल" ला दोन तीन ओळी बाकी असताना, उरलेला रोल गेला तरी चालेल पण नवा रोल घालून तयार राहायचे.

ब्लॅक अँड व्हाइटला ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू असायचा. पासपोर्ट फोटोंना निगेटिव्हवर पेन्सिलने टचिंग करायचे बाबा, टोकदार शिसपेन्सिल, खाली काच आणि मागून उजेड, चेहऱ्यावरचे देवीचे व्रण असे भरून काढायचे की माणूस खूश. हायपोचा (फिल्म पक्की करणाऱ्या रसायनाचा) वास अजून कुठे आला की मला शाळेतून घरी आल्यासारखं वाटतं. पण तिरकस म्हणतात तसा हा नॉस्टॅल्जिया माझा आहे, एफ३ चा नाही. कॅमेऱ्याचे गुण वेगळे मोजा.

रीळबहाद्दर

@स्टुडिओवाल्याची_लेक, काय सुंदर प्रतिसाद. मिरजेच्या स्टुडिओवर वेगळं लिहा, आग्रह आहे.

@तिरकस, पैशाचा मुद्दा मान्य, त्यावर उत्तर नाही माझ्याकडे. पण फिल्टरचा मुद्दा फोटोच्या दिसण्याचा आहे, मी दिसण्याबद्दल एक ओळही लिहिलेली नाही बघा. तीच लेन्स तीच फिल्म के१००० मध्ये घाला, फोटो तोच येणार. माझं म्हणणं हातातल्या यंत्राबद्दल आहे. ते कुठे मदत करतं आणि कुठे गप्प बसतं. एक उदाहरण देतो. नवा रोल घातल्यावर पहिल्या दोन तीन फ्रेम आपण फुकट ओढतो ना, तेव्हा लेन्सवर टोपण असतं. साध्या ऑटो कॅमेऱ्यात टोपणामुळे मीटरला अंधार दिसतो आणि शटर कितीतरी सेकंद उघडं राहतं, तुम्ही ताटकळत उभे. एफ३ मध्ये काउंटर एकवर येईपर्यंत काहीही सेटिंग असू दे, शटर १/८० लाच उडतं. कोणीतरी रोज रोल भरणाऱ्या माणसाचा विचार करून हे ठेवलंय. असल्या गोष्टी जाहिरातीत येत नाहीत.

सान_होजेकर

लेख आवडला पण एफ३ ला सगळं श्रेय देऊ नका. १९८० लाच पेन्टॅक्स एलएक्स आला आणि १९८१ ला कॅननचा न्यू एफ-१. दोघांनीही शटर अर्धं यांत्रिक अर्धं इलेक्ट्रॉनिक ठेवलं. सेल संपला तरी कॅननवर १/१२५ पासून वरचे सगळे स्पीड मिळतात, एलएक्सवरही १/७५ पासून वर. निकॉनने एक १/६० देऊन बोळवण केली. तर भीती खरी होती आणि तिचं जास्त चांगलं उत्तर इतरांनी दिलं होतं. एलएक्स तर पाऊसधुळीपासून बंदिस्त केलेला होता, आकाराने लहान, मला विचाराल तर त्या तिघांत सगळ्यात हुशार कॅमेरा तो.

बाकी एफ३ अंतराळात जाऊन आलाय हे लिहायचं राहिलं तुमचं. नासाने स्पेस शटलसाठी बदल करून घेतले होते, त्यात २५० फोटोंच्या लांब रोलचाही एक होता. निकॉनचं आणि नासाचं जुनं, अपोलो १५ वरही निकॉन एफ होता.

पेठेतला

मोटर ड्राइव्हशिवाय, म्हणजे रोल आपोआप ओढणाऱ्या मोटरशिवाय, एफ३ म्हणजे काय मजा? एमडी-४ लावा. आठ पेन्सिल सेल, सेकंदाला चार फोटो, आणि निकॅडचा (रिचार्ज होणाऱ्या सेलचा) खास पॅक लावून आरसा वर अडकवला तर सहा. छत्तीसचा रोल सहा सेकंदांत खल्लास. मोटर लावली की कॅमेऱ्यालाही करंट तिच्यातूनच, आतल्या बटणसेलची चिंता नको. रोलही तीच गुंडाळते. आवाज असा की शेजारच्या माणसाला वाटतं तुम्ही फार मोठे फोटोग्राफर आहात. वजन मात्र लेन्ससकट असं होतं की संध्याकाळी मानेला बाम लागतो. मी आता मोटर काढूनच वापरतो, लिहिलं जोरात आणि करतो उलट, असो.

नवशिक्या_नंदू

दादा लोकहो, हे वाचून फारच इच्छा झालीय. काही बाळबोध प्रश्न. १) माझ्याकडे निकॉन डिजिटलच्या दोन लेन्स आहेत त्या चालतील का? २) एफ३ आणि एफ३ एचपी यात फरक काय? मी चष्मेवाला. ३) सेल कुठले? ४) घेताना काय तपासायचं? ५) एफएम२ घेऊ का हाच?

डार्करूमवाला

नंदू, मी हे कॅमेरे उघडतो, दुरुस्ती हा पोटाचा धंदा नाही पण हात काळे करायची सवय आहे, तर सांगतो.

लेन्स. अॅपर्चरची रिंग नसलेल्या नव्या लेन्स, ज्यांच्या नावात जी असतो त्या, याच्यावर निरुपयोगी, अॅपर्चर लावणार कशाने? रिंग असलेल्या जुन्या मॅन्युअल फोकस लेन्स घे. एआय प्रकार, १९७७ पासूनच्या, सरळ बसतात. त्याच्याही आधीच्यांसाठी बॉडीवरचा एक छोटा दांडा वर उचलता येतो म्हणजे त्याही चालतात, फक्त मीटर करताना लेन्स बंद करून बघावं लागतं. सुरुवातीला ५० मिमी एफ १.८ घे, स्वस्त आणि धारदार, आणि कधी पैसे साठले तर १०५ मिमी एफ २.५.

चष्मा असेल तर एचपीच घे, १९८२ मध्ये आला. डोळा काचेपासून इंचभर लांब ठेवूनही पूर्ण चौकट दिसते, त्या बदल्यात चित्र किंचित लहान. साध्या एफ३ मध्ये चष्म्याने कोपरे दिसत नाहीत, चष्मा घासला जातो तो वेगळाच. आणि दोन्हीत १०० टक्के फ्रेम दिसते, म्हणजे जे दिसलं तेच निगेटिव्हवर, कडेला नंतर कोणाचं कोपर उगवत नाही. आवडलं नाही तर दोन बाजूंचे खटके मागे ओढून डोकं काढायचं आणि दुसरं बसवायचं, बॉडी तीच. कमरेवरून बघायचं डीडब्ल्यू-३ मिळालं तर रांगोळीचे, लहान मुलांचे फोटो जमिनीलगत कॅमेरा ठेवून काढता येतात, चित्र डावं उजवं उलट दिसतं एवढी सवय करायची.

सेल दोन. एसआर४४ घे, एलआर४४ नको. दोन्ही बसतात, पण एलआरचा दाब हळूहळू उतरत जातो आणि एसआर शेवटपर्यंत जवळपास तसाच राहून मग पटकन मरतो. एक जोडी पाकिटात ठेव की झालं, मीटर आपोआप सोळा सेकंदांनी झोपतो त्यामुळे सेल फार खात नाही.

आता तपासणी. आधी तळाचं सेलचं झाकण उघड, आत हिरवट पांढरं काही साचलं असेल तर जरा विचार कर. आतली एलसीडी पूर्ण काळी दिसते का, आकड्यांचे तुकडे गायब नाहीत ना, हळूहळू फिकट होते ती आणि नवी मिळत नाही, दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातून काढावी लागते. मागचं दार उघडून काळा फोम बोटाने हलकेच दाबून बघ, चिकट डिंकासारखं बोटाला लागलं तर तो बदलायचा, घरीही होतं ते काम, स्पिरिट आणि काडेपेटीची काडी. आरसा वर जिथे आदळतो तिथलाही फोम बघ, तो विरघळून फोकसिंग स्क्रीनवर पडलेला असतो बऱ्याचदा. प्रिझममधून बघताना काळे डाग किंवा रेघ दिसली तर चांदी उडालीय, फोटोवर परिणाम नाही पण भाव पाडून मागता येतो.

शटर मात्र रोल घालूनच तपास. हे पडदे टायटॅनियमच्या पत्र्याचे, आडवे धावतात. एखादी साधी पांढरी भिंत किंवा मोकळं आभाळ घे आणि १/२००० ला दोन तीन फोटो काढ. निगेटिव्हवर एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सारखाच करडेपणा असेल तर शटर ठणठणीत. एक बाजू फिकी पडत गेली तर एक पडदा दमलाय. विकणारा म्हणेल "शटर आवाज बरोबर देतंय", तर आवाजाने १/२००० कोणालाही कळत नाही, मलाही नाही.

आणि शेवटचा प्रश्न, इलेक्ट्रॉनिक म्हणून घाबरायचं का. सर्किट गेलं तर खरंच अवघड आहे, लवचिक पट्टीवरचं सर्किट आहे, सुटे भाग नाहीत. पण माझ्यासमोर आलेल्या एफ३ मध्ये सर्किट जळलेले कमी आणि घाणीने, पडल्याने, पाण्याने गेलेले जास्त. सेल घालून विसरलेले तर विचारूच नका.

गुहागरकर

वरचं सगळं बरोबर पण तुम्ही सगळे घाटावरचे. कोकणात कॅमेरा सर्किटने नाही बुरशीने मरतो हो. जून ते सप्टेंबर लेन्सच्या आत कोळ्याचं जाळं धरतं. चामड्याच्या केसमध्ये तर अजिबात ठेवू नका, ते चामडंच ओल धरून बसतं. हवाबंद डबा, सिलिका जेल, आणि जेल गुलाबी झालं की तव्यावर गरम करून परत निळं. शक्य असेल त्याने ड्राय कॅबिनेट घ्यावं. आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वापरा. उन्हात काढा, लेन्स उघडा, शटर मारा चार वेळा. जुनी लेन्स घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारून बघायचा, दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये बुरशी दिसत नाही, म्हणून तर दुकानात ट्यूबलाइट असते 😄

तिरकस

एफएम२ का हा, याला कोणी उत्तर दिलंच नाही. मी देतो, मी फुकट्या प्रेक्षक असल्यामुळे निःपक्षपाती आहे. नॅशनल जिओग्राफिकच्या १९८५ च्या मुखपृष्ठावरची ती हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी, स्टीव्ह मकरीने तो फोटो एफएम२ वर काढला, १०५ मिमी एफ २.५ आणि कोडाक्रोम ६४ स्लाइड फिल्म. १/४००० पर्यंत स्पीड, सेल फक्त मीटरला, सेल मेला तर अंदाजाने फोटो काढा. वजनाला हलका, किमतीला कमी. मग व्यवसायवाला एफ३ कशाला पाहिजे? फक्त लाल रेघेसाठी?

रीळबहाद्दर

हा प्रश्न बरोबर आहे. एफएम२ घेतलात तर अजिबात पस्तावणार नाही, फ्लॅश सिंकमध्ये तर तो सरळ पुढे आहे, सुरुवातीला १/२०० आणि १९८४ पासून १/२५०. भर उन्हात फ्लॅशने चेहरा उजळायचा असेल तर एफ३ त्याच्यापुढे पाणी भरतो.

पण एफएम२ मध्ये ऑटो नाही. आता बाजारात फिरताय, सावलीतून उन्हात, उन्हातून गाळ्यात, दर दहा पावलांना तीन चार स्टॉप बदलतात. एफएम२ वर प्रत्येक वेळी आतले लाल दिवे बघत रिंग फिरवायची. काहींना त्यातच मजा येते, येऊ दे. एफ३ वर मी एफ ८ लावतो, फोकस अंदाजे लावून ठेवतो आणि माणसांकडे बघतो. फाइंडरमध्ये १०० टक्के चौकट, वर एक छोटा आकडा, बाजूला अॅपर्चर दिसायची खिडकी, संपलं. चित्राच्या भोवती लुकलुकणारं काहीही नाही. एफएम२ ची चौकट १०० टक्के नाही, कडेला काहीतरी जास्तीचं येतं. स्लाइड काढणाऱ्याला हा फरक जिवावरचा असायचा कारण स्लाइड क्रॉप करता येत नाही, जी काढली ती काढली. तर प्रसंग बघून घ्या. लग्न असेल तर एफएम२, रस्ता असेल तर एफ३. दोन्ही असतील तर बायकोला एकाच कॅमेऱ्याची दोन बिलं दाखवू नका.

@सान_होजेकर, एलएक्सबद्दल पूर्ण सहमत, पण आज चालू स्थितीतला एलएक्स शोधून दाखवा आणि मग त्याची दुरुस्ती करणारा माणूस शोधून दाखवा. एफ३ वीस वर्षं बनला म्हणून मेलेले एफ३ पण खूप आहेत, सुटे भाग त्यातूनच मिळतात. ही कोरडी गोष्ट आहे पण घेताना तीच कामाची.

सान_होजेकर

मान्य. माझ्या एलएक्सचा आरसा उठायला आळस करतो, दुरुस्तीला कुठे पाठवू हे मीच शोधतोय 😐

मकरीचा विषय निघालाय तर सांगतो, कोडाक्रोमचा शेवटचा रोल कोडॅकने त्यालाच दिला, २०१० ला, आणि त्यातले काही फोटो त्याने मुंबईत काढले, अमिताभ बच्चन, आमिर खान वगैरे. कॅमेरा मात्र एफ६. रोल धुतला कॅन्ससमधल्या पार्सन्स गावी, कारण जगात तेवढी एकच जागा उरली होती कोडाक्रोम धुणारी. छत्तीस फोटो आणि परत काढायची सोय नाही. काय धाकधूक झाली असेल.

अजून एक, रोल घेऊन विमानाने येणार असाल तर हातात ठेवा आणि हाताने तपासायला सांगा. नवीन सीटी स्कॅनर आलेत विमानतळांवर, ते फिल्म धुरकट करतात. चेक-इन बॅगेत तर मुळीच नको. नम्रपणे, लवकर जाऊन, रोल पारदर्शक पिशवीत काढून ठेवून विचारलं तर बरेचदा ऐकतात, बरेचदा नाही.

स्टुडिओवाल्याची_लेक

नंदू, एक सल्ला माझ्याकडून, कॅमेरा कुठलाही घे पण पहिले काही रोल ब्लॅक अँड व्हाइट काढ आणि घरी धू. बाहेर धुवायला दिलास की काय बिघडलं ते कळतच नाही, कॅमेरा का तू का लॅब. एका लॅबने एकदा माझा रोल धुऊन असा दिला की निगेटिव्हवर बोटांचे ठसे होते आणि वर मला सांगतात कॅमेरा खराब आहे.

नवशिक्या_नंदू

सर्वांचे खूप आभार! पुढच्या महिन्यात मुंबईला जातोय तेव्हा बोरा बाजारात चक्कर मारतो, टॉर्च आणि एसआर४४ ची जोडी घेऊनच जाणार. ताई, घरी धुवायचं म्हणताय पण डार्करूम लागेल ना? आणि आमच्याकडे सोलापुरात एप्रिलमध्ये नळाचं पाणीच चहा करता येईल इतकं गरम असतं. त्यात चालेल का?

डार्करूमवाला

धुवायला डार्करूम लागत नाही, प्रिंट काढायला लागते. एक डेव्हलपिंग टँक आणि एक काळी चेंजिंग बॅग, बाह्यांत हात घालून आत रोल रीळावर चढवायचा. आधी एखादा फुकट गेलेला रोल घेऊन उजेडात डोळे मिटून सराव कर, एकदम खऱ्या रोलवर जाऊ नकोस, घामेजल्या हातांनी फिल्म रीळात अडकते आणि तुझा बॅगेत हात असतो, फोन वाजत असतो.

इलफर्ड एचपी५ फिल्म घे, चुका पोटात घालते. डी-७६ डेव्हलपर एकास एक पाण्यात, २० अंशाला ११ मिनिटं. सोलापुरात २० अंश म्हणजे चैन, तर असं कर, केमिकल एकास एक करतानाच फ्रिजमधलं थंड पाणी वापर, म्हणजे डेव्हलपर आपोआप खाली येतो. टँक आणि बाटल्या एका मोठ्या पातेल्यात उभ्या कर, त्यात पाणी आणि बर्फाची पिशवी. बर्फ थेट केमिकलमध्ये टाकू नको, पातळ होतं. २४ अंशावर अडलास तरी घाबरू नको, वेळ कमी होते, तक्ता मिळतो त्यात बघायचं. पण एक लक्षात ठेव, डेव्हलपर २० ला आणि धुवायचं पाणी ३५ ला असं करू नकोस, फिल्मचा वरचा थर सुरकुततो. हायपो आणि शेवटचं पाणीसुद्धा त्याच पातेल्यातलं.

सुकवायला बाथरूममध्ये लटकव, आधी गरम पाण्याचा शॉवर सोडून धूळ खाली बसू दे, आणि पंखा लावायचा नाही. घरच्यांना सांगून ठेव की दोन तास आत जायचं नाही, नाहीतर सोलापुरी चादरीचे सगळे तंतू निगेटिव्हवर येतील.